तिसऱ्या शेडची मोठी अंडी

१

गाळणीबाई पोल्ट्रीवर पोचल्या तेव्हा गुन्हेगार आधीच पकडून ठेवलेला होता. अंड्यांच्या खोलीत, रिकाम्या ट्रेंच्या दोन थप्प्यांमध्ये एक बादली उपडी घालून त्याला तिच्यावर बसवलं होतं. दारात मालकांचा धाकटा भाऊ आडवा हात लावून उभा होता. बसलेला माणूस म्हणजे फवारेवाला पंप्या. तीन महिन्यांपूर्वी मालकांनी त्याला भांडून हाकललं होतं आणि आज सकाळी तो कुंपणाशी दिसला, एवढ्यावर सगळं ठरलं होतं.

"हाच तो," मालक म्हणाले. "जुन्या रागापायी ट्रेवर औषध मारून गेला. याला घेऊन जा, म्हणजे आमचा जीव सुटेल."

"मी अंडी तपासते हो. माणसं नेण्याचं खातं वेगळं आहे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पिशवी टेबलावर ठेवली.

अन्नतपासणी खात्यात तीस वर्षं काढलेल्या या बाईंना लोक पाठीमागे गाळणी म्हणत, कारण त्यांच्या हातून काही निसटत नसे. बाईंना हे नाव ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. तपास चालू असताना हातातले पत्ते कुणाला दाखवायचे नाहीत, हा त्यांचा शिरस्ता. समोरचा बोलत राहतो, आपण ऐकत राहायचं. पुढे जे झालं ते पाहता, त्या दिवशी त्या थोड्या बडबड्या असत्या तर फार बरं झालं असतं.

बाजारातून उचललेल्या अंड्यांत कीटकनाशक सापडलं होतं, चालतं त्याच्या नऊपट. पोल्ट्रीवर तीन शेड, प्रत्येकीत आठशे कोंबड्या. शिक्क्यावरून कळलं की विषारी अंडी तेवढी तिसऱ्या शेडची. पहिल्या दोन शेडची अंडी धुतल्या तांदळासारखी.

खोलीच्या कोपऱ्यात मावशी दिव्यासमोर एकेक अंडं धरून पाहत होती. तिसरी शेड ती सांभाळे. बारा वर्षं ती तिथे होती आणि कुठली कोंबडी कुठल्या घरट्यात बसते हे झोपेतही सांगू शकली असती. तिच्या शेजारी तिची लेक चिमणी ट्रे पुसत होती. सातवा महिना होता. ट्रे पोटाला टेकवूनच ती पुसत होती. जावई ट्रकवर असे, त्यामुळे लेक बाळंतपणाला आईकडेच राहिली होती.

"बाई, मागच्या वेळी तुम्ही आला होता ना," मावशी म्हणाली, "तेव्हा मी तुम्हाला—"

"तू गप बस गं," मालक खेकसले. "इथे काय चाललंय, आणि हिचं काय चाललंय!"

मावशीने पुढचं अंडं उचललं. बाईंनी तिसऱ्या शेडचे सगळे भरलेले ट्रे मोजले, दोरी बांधली आणि लाखेचं सील मारलं. विक्री बंद. सील मारताना त्यांना दिसलं की मावशीने टेबलावरची दोन थोराड अंडी अॅप्रनच्या खिशात टाकली. ट्रेच्या खळग्यात न मावणारी अंडी वरचा ट्रे ठेवला की फुटतात, म्हणून ती शेडवरच्या बाईने घरी न्यायची, अशी इथली जुनी रीत होती. बाईंनी ते पाहिलं आणि लाख थंड व्हायच्या आत त्या विसरूनही गेल्या.

त्यांच्या डोक्यात वेगळंच चाललं होतं. मालकांना त्यांनी अहवालाचं पहिलंच पान दाखवलं होतं. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं की टरफल स्वच्छ आहे, पांढरा भाग स्वच्छ आहे. विष आहे ते फक्त बलकात.

म्हणजे ट्रेवर कुणी काही मारलेलंच नव्हतं.

२

पंप्याला बाईंनी आवारातल्या बाकावर नेऊन बसवलं. माणूस हाडाचा काटकुळा, पण तोंडाने जबर.

"चोर सोडून संन्याशाला फाशी आहे ही, बाई," तो म्हणाला. "माझा पंप अजून यांच्याच कोठीत पडलाय. तो मागायला आलो होतो. बिनपंपाचा फवारेवाला म्हणजे बिनहाताचा न्हावी."

"तिसऱ्या शेडमध्ये शेवटचं कधी गेलात?"

"हाकललं त्याच्या आदल्या दिवशी. तेव्हाच मालकांना म्हटलं होतं, तिसऱ्या शेडमध्ये पिसवा फार झाल्यात, कोंबड्यांचे तुरे पांढरे पडलेत, रक्त पिऊन टाकलंय. तर म्हणाले, तुला नुसतं काम काढायचंय. त्यावरूनच तर भांडण."

"मग आता पिसवा कशा नाहीत?" बाईंनी विचारलं. सकाळीच त्यांनी चार-पाच कोंबड्या हातात घेऊन पाहिल्या होत्या. तुरे लालभडक आणि पिसं कशी नवी कोरी. पहिल्या दोन शेडमधल्या कोंबड्या त्यांच्यापुढे भिकारणी वाटत होत्या.

पंप्याने डोकं खाजवलं. "ते मात्र मलाही कळत नाही."

धाकटा भाऊ गोठ्यात भेटला. त्याच्या सहा गायी होत्या. कोंबड्या काढून टाकाव्यात आणि सगळ्या जागेवर गोठा बांधावा, असं तो दादांच्या मागे लागला होता, हे बाईंच्या कानावर आलं होतं. संशय घ्यायला एवढं पुष्कळ होतं.

"दादांचं वाटोळं व्हावं असं मला वाटत नाही," तो म्हणाला. "आमचं पटत नाही, पण जेवतो एका ताटात. आणि तुम्हाला कुणी सांगायच्या आत मीच सांगतो. माझी एक बाटली गेलीय."

"कसली बाटली?"

"गायींच्या गोचिडांचं औषध. पाण्यात कालवून अंगाला लावतात ते. नवी, सीलबंद होती. या फळीवर. दहा आठवडे तरी झाले असतील."

बाईंनी औषधाचं नाव विचारलं. त्याने सांगितलं. अहवालात तेच नाव होतं.

"मालकांना बोललात?"

"बोललो की. म्हणाले, तुझा गोठा म्हणजे नुसता गोंधळ, तिथे हत्ती हरवेल."

फळीवर धुळीत बाटलीच्या बुडाचा गोल अजून दिसत होता.

३

मग आठ दिवस बाईंनी तिसरी शेड चाळणीतून काढली. खाद्य, पाणी, भिंती, खालचा भुसा, कोंबड्या बसतात त्या लोखंडी दांड्या, सगळ्याचे नमुने गेले. दहा कोंबड्यांची पिसंही उपटून पाठवली. खाद्याची कोठी आणि पाण्याची टाकी तिन्ही शेडना एकच होती, म्हणून तिथून काही मिळेल अशी आशा त्यांना नव्हतीच. पण भिंती आणि पिसं बोलतील असं वाटलं होतं.

आठव्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मित्राचा फोन आला.

"काही नाही," तो म्हणाला.

"काही नाही म्हणजे?"

"म्हणजे शून्य. खाद्य, पाणी, भिंत, भुसा, दांड्या, पिसं, सगळं स्वच्छ. आणि काल तू पाठवलेल्या ताज्या अंड्यांच्या बलकात पुन्हा औषध आहे. पहिल्यापेक्षा थोडं कमी, पण आहे. तुझ्या कोंबड्या विष हवेतून ओढतात की काय?"

बाईंना त्या दिवशी जेवण गेलं नाही. तीस वर्षांत त्यांनी दुधातलं पाणी पकडलं होतं, मसाल्यातली वीट पकडली होती. विष कुठेच नाही आणि तरी रोज चारशे अंड्यांतून बाहेर येतंय, हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. एवढं मात्र नक्की होतं की ते कोंबडीच्या आतून येत होतं. हे अजून त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. पोल्ट्रीवर सगळे अजून पंप्याच्या आणि ट्रेच्याच गोष्टी करत होते आणि बाईंनी त्यांना करू दिल्या.

दुपारी त्या अंड्यांची नोंदवही घेऊन बसल्या. रोज किती अंडी निघाली ते शेडवार लिहिलेलं. पहिली शेड, दुसरी शेड, पानामागून पान भरलेलं. तिसऱ्या शेडच्या भागात एका तारखेशी बाईंचं बोट थांबलं. त्या तारखेनंतर एकदम पाच आठवड्यांनी पुढची नोंद होती.

मधल्या पाच आठवड्यांचं कुणी काही ठेवलंच नव्हतं.

बाटलीही त्याच आठवड्यांत गेली होती.

४

"पानं कुठे गेली?" बाईंनी वही मालकांसमोर आपटली. "पाच आठवड्यांची पानं फाडलीत तुम्ही. काय लपवताय?"

मालक आधी पांढरे पडले आणि मग, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, हसले.

"फाडायला पानं होती कुठे, बाई? अंडीच नव्हती तर लिहिणार काय? तिसरी शेड विश्रांतीला बसवली होती."

ही गोष्ट पोल्ट्रीवाल्याला इतकी रोजची की सांगावी असं कुणाला वाटलंच नाही, आणि बाईंना इतकी माहीत की विचारावी असं त्यांना सुचलं नाही. वर्ष-दीड वर्ष अंडी दिलेली कोंबडी थकते. मग उजेड कमी करायचा, खाणं कमी करायचं. ती अंडी थांबवते, जुनी पिसं झाडून टाकते आणि महिनाभराने नवी पिसं घालून पुन्हा अंडी देऊ लागते. आणि मग अंडी आधीपेक्षा मोठी येतात. कधीकधी ट्रेच्या खळग्यात न मावण्याइतकी.

बाई खुर्चीवरून उठल्या आणि काही न बोलता तिसऱ्या शेडकडे चालू लागल्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा! नवी पिसं त्यांनी पहिल्याच दिवशी पाहिली होती, कौतुकही केलं होतं आणि तपासायला पाठवली ती तीच नवी पिसं. जुनी कुठे आहेत?

जुनी वाऱ्याने ओढून नेली होती. शेडच्या टोकाला मोठ्या पंख्याची जाळी होती आणि भुसा बदलला, दांड्या धुतल्या, तरी त्या जाळीत अडकलेली मळकी पिसं कुणी काढली नव्हती. बाईंनी चिमट्याने ती पिशवीत भरली.

दुसऱ्या दिवशी फोन आला. "हे काय पाठवलंस?" मित्र म्हणाला. "ही पिसं औषधात बुडवून काढलीत नुसती."

आता सगळं सरळ होतं. विश्रांतीच्या काळात कुणीतरी कोंबड्या गोचिडांच्या औषधात बुडवल्या होत्या. शेडमध्ये नव्हे, बाहेर मोकळ्यावर, म्हणून भिंती स्वच्छ. औषध लागलेली पिसं झडून गेली, म्हणून अंग स्वच्छ. पण कातडीतून जे आत गेलं ते चरबीत जाऊन बसलं. चरबीत बसलेलं औषध घाई करत नाही. अंडी सुरू झाली, चरबीतून बलक बनू लागला आणि थोडं थोडं करत ते रोज बाहेर पडू लागलं.

हे वैराचं काम नव्हतं. आठशे कोंबड्या एकेक करून, पाय धरून, डोकं वर ठेवून बुडवायच्या, सुकवायच्या आणि परत न्यायच्या. वैऱ्याला इतका धीर नसतो. मालक शेडमध्ये नाकाला रुमाल लावल्याशिवाय जात नसत. धाकट्याला कोंबडीने चोच मारली तरी तो ओरडे. पंप्या तेव्हा कामावर नव्हता.

एकच माणूस उरत होतं. पहिल्या दिवशी अंडं दिव्यासमोर धरलेले तिचे हात बाईंना आता आठवले. तळव्यांची साल निघून खालची गुलाबी कातडी दिसत होती. मागच्या आठवड्यात बाईंनी विचारलंही होतं, तेव्हा मावशी म्हणाली होती, चुन्याने झालं.

आणि त्याच हातांनी खिशात टाकलेली दोन थोराड अंडी त्यांना आठवली. मग मात्र बाई धावतच सुटल्या.

५

मावशीच्या दोन खोल्या आवाराच्या मागच्या भिंतीला लागून होत्या. दाराशी डब्यांतून टोमॅटोची रोपं लावलेली. प्रत्येक डब्यात मातीवर अंड्यांची टरफलं चुरून घातली होती, थरावर थर. मोठी, जाड टरफलं. बाई तिथेच थांबल्या आणि त्यांना मोजायचं नसताना त्या मोजू लागल्या.

आत चिमणी स्टुलावर बसून जेवत होती. ताटलीत दोन उकडलेली अंडी, अर्धं खाल्लेलं एक.

"ठेव ते," बाई ओरडल्या. "चिमणे, ठेव खाली!"

पोरीने घाबरून ताटली सरकवली. मावशी चुलीपासून उठली. "काय झालं हो? ही ट्रेमधली नाहीत. तुमच्या सीलला मी बोटसुद्धा लावलं नाही. ही मी घरट्यातून थेट उचलते, ट्रे यांना लागतच नाही. पंप्याने ट्रेवर मारलं ना?"

"ट्रेवर कुणी काही मारलं नाही मावशी. विष बलकात आहे. पहिल्या दिवसापासून मला माहीत होतं."

"पहिल्या दिवसापासून?" मावशी म्हणाली. "मग बोलला का नाहीत?"

बाईंकडे याचं उत्तर होतं, तपासाची पद्धत वगैरे. त्यांनी उलट विचारलं, "कोंबड्या औषधात तुम्ही बुडवल्या ना?"

"मीच," मावशी म्हणाली. तिने लपवण्याचा जराही प्रयत्न केला नाही. "रोज शंभर, आठ दिवस. मागच्या अंगणात. रोज एक-दोन मरत होत्या हो, पिसवांनी शोषून टाकल्या होत्या. मालक ऐकेनात. धाकट्याच्या गोठ्यातून बाटली आणली, विचारलं नाही, तेवढी चोरी झाली. ही म्हणाली, आई मी धरते. मी म्हटलं, तू पोटुशी, तू त्या बादलीच्या वाऱ्यालाही उभी राहू नकोस. आठ दिवस हिला हिच्या मामाकडे पाठवून दिली."

"त्या दिवशी तळव्यांचं विचारलं तेव्हा चुना का सांगितलात?"

"मालक शेजारी उभे होते. बाटलीचं कळलं असतं तर नोकरी गेली असती. हिचं बाळंतपण तोंडावर आलेलं."

"पण अंडी देणाऱ्या कोंबड्यांना हे औषध—"

"तेव्हा कुठे देत होत्या? तुम्हीच सांगितलं होतं की!"

मावशीने चुलीवरचं उकळतं पाणी उतरवलं.

"मागच्या तपासणीला तुम्ही आला होता. जीपमध्ये बसत होता. मी धावत येऊन विचारलं, बाई, पिसवांचं औषध लावू का? तुम्ही म्हणालात, अंडी सुरू आहेत तोवर हात लावू नका. मी म्हटलं, बरं. विश्रांतीला बसवल्या, अंडी बंद झाली, एकही येत नाही असे दहा दिवस जाऊ दिले. मग लावलं. तेच मी त्या दिवशी तुम्हाला सांगत होते, तर मालक ओरडले."

बाईंना आठवेना. मग आठवलं. एक पाय जीपच्या पायरीवर होता, ड्रायव्हरने इंजिन सुरू केलं होतं आणि पुढच्या पोल्ट्रीला उशीर होत होता. उचलली जीभ लावली टाळ्याला. एक वाक्य. चूक नव्हतं ते, फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं सांगायला मिनिटभर थांबावं लागलं असतं.

"मी तुम्ही सांगितलं तसंच केलं ना, बाई?" मावशीने विचारलं. तिच्या आवाजात आरोप नव्हता. तिला खरोखर खात्री करून घ्यायची होती.

"हो," बाई म्हणाल्या. "अगदी तसंच केलंत. चूक माझी आहे. अहवालात मी तसंच लिहीन, माझ्या नावाने."

"लिहा," मावशी म्हणाली. "तुमची चूक असून मला काय उपयोग? तुम्ही बदली होऊन जाल. पोर माझी आहे."

६

त्याच दिवशी पंप्याला त्याचा पंप परत मिळाला. तिसऱ्या शेडच्या आठशे कोंबड्या मारायचा हुकूम निघाला. मालक अंड्यांच्या खोलीत डोकं धरून बसले आणि धाकट्याने त्यांच्या पाठीवर हात ठेवला. बाईंनी दोन पानी अहवाल लिहून त्यावर सही केली. रहस्य सुटलं होतं, आणि कुणाचंही काही सुटलं नव्हतं.

निघायच्या आधी त्या पुन्हा मागच्या खोल्यांकडे गेल्या. जाऊ नये असं फार वाटत होतं, म्हणूनच गेल्या.

चिमणी खाटेवर भिंतीला टेकून बसली होती. मावशी तिच्या पायाशी. अर्धं खाल्लेलं अंडं ताटलीत तसंच होतं, ते उचलून टाकण्याचं बळ कुणात नव्हतं.

"दवाखान्यात जाऊन आलात?" बाईंनी विचारलं.

"आलो," चिमणी म्हणाली. "डॉक्टरीणबाई म्हणाल्या, अशी केस आम्ही पाहिली नाही. वाट पाहू."

"किती खाल्ली असतील?"

"रोज दोन. दीड महिना होत आला. आई म्हणायची, मोठं अंडं, बाळाला बळ येतं."

मावशीने तोंडावर अॅप्रन ओढून घेतला.

"सकाळपासून हललं नाही," चिमणी हळूच म्हणाली. "एरवी या वेळेला लाथा मारून हैराण करतं."

बाई स्टुलावर बसल्या. तिघी जणी त्या पोटाकडे पाहत राहिल्या. बाहेर मालकांचा ट्रॅक्टर सुरू झाला, बंद झाला. पहिल्या शेडमधल्या कोंबड्या अंडी घालून झाल्यावर ओरडतात तशा ओरडत होत्या. बाईंना वाटलं की आयुष्यात आपण कशासाठीच इतकं थांबलो नाही.

अर्ध्या तासाने चिमणीने एकदम आईचा हात ओढून पोटावर ठेवला. "आई! बघ, लाथ मारली!"

मावशीला ती लागली. तिच्या सोललेल्या तळव्याखाली ती पुन्हा एकदा लागली आणि मावशी हमसून रडायला लागली. रडता रडताच तिने गाळणीबाईंकडे तोंड वळवलं.

"म्हणजे सगळं ठीक आहे ना, बाई? लाथ मारतंय म्हणजे ठीकच असणार ना?"

'हो' म्हणणं इतकं सोपं होतं. एकच अक्षर, जीपच्या पायरीवरून टाकावं तसं टाकून निघून जाता आलं असतं, आणि त्या दोघींना आजची झोप लागली असती. बाईंनी मित्राला फोनवर तीनदा विचारलं होतं. तीनदा तो म्हणाला होता की मोठ्या माणसाचा आकडा माझ्याकडे आहे, पोटातल्या बाळाचा नाही.

"मला माहीत नाही, मावशी," त्या म्हणाल्या. "लाथेवरून काही कळत नाही. जन्मल्यावरही लगेच कळेल असं नाही. मला खरंच माहीत नाही."

मावशीने लेकीच्या पोटावरचा हात काढला नाही. तिने फक्त तोंड भिंतीकडे फिरवलं. चिमणी म्हणाली, "बाई, तुम्ही आता जा." बाई उठल्या आणि जाताना ताटली उचलून बाहेर घेऊन गेल्या.